रंगखोली

वाचनालयाच्या खुर्च्या परत आल्या, त्या दिवशी घरात कोणी कोणाशी धड बोललं नाही. टेम्पोवाल्याने त्या पुढच्या खोलीत उतरवल्या, तो पाणी प्यायला आणि जाता जाता निरोप देऊन गेला, "तिथल्या बाई म्हणत होत्या, एका टेबलाभोवती दोन बिऱ्हाडं बसल्यासारखी दिसतात." निरोप झोंबणारा होता, कारण तो खरा होता. अर्ध्या खुर्च्या हव्या तशा अक्रोडी उतरल्या होत्या, तर उरलेल्या अर्ध्यांवर लालसर झाक होती. भिंतीला लावून ठेवल्या तेव्हा तर तो फरक दारातूनही दिसायला लागला.

या घरातून माणसं रुसून गेली आणि परत आली, शेजारी दिलेले डबे परत आले, एकदा तर घरातला जावईसुद्धा परत आला होता. पण पॉलिश करून दिलेलं लाकूड तीन पिढ्यांत कधी परत आलं नव्हतं. त्यामुळे आता करायचं काय, हे कोणालाच माहीत नव्हतं. मोडलेल्या खुर्चीचा नवा पाय जुन्या तीन पायांत ओळखू येऊ नये, एवढ्यावर या घराचं नाव चाललं होतं. असा रंग जुळवणं सारं घर एकाच माणसावर सोपवून निर्धास्त असे, आणि ते माणूस म्हणजे वन्सं, घरातली थोरली लेक.

म्हणून सुट्टीच्या दिवशी, दुपारी वन्संचा डोळा लागल्यावर, बाकीचे पुढच्या खोलीत जमले. मागे साथीत आलेल्या तापानंतर वन्संना दुपारी पडावंच लागे. सासूबाई खिडकीशी बसून पॉलिशच्या बोळ्यांसाठी जुनी मलमल फाडत होत्या. रस्त्यापलीकडून काका आले होते. हे सासऱ्यांचे धाकटे भाऊ, सुतार, सत्तरी कधीच ओलांडलेले. आणि साहेब येरझाऱ्या घालत होता. साहेब म्हणजे या घराचा एकुलता मुलगा. लहानपणी कानावर पेन्सिल अडकवून सगळ्यांना हुकूम सोडायचा म्हणून हे नाव पडलं आणि पन्नाशी जवळ आली तरी सुटलं नाही. एक त्याची बायको तेवढी त्याला साहेब म्हणत नसे. ती चारचौघांत 'अहो' म्हणे, आणि मनात काय म्हणे ते तिचं तिला ठाऊक.

ही बायको म्हणजे धाकटी. ती दाराला टेकून उभी होती. आदल्याच दिवशी ती माहेरून परतली होती. खुर्च्यांना काय झालं, हे त्या खोलीत फक्त तिला माहीत होतं. निदान तिची तशी समजूत होती.

काकांनी एक खुर्ची उलटी केली, नखाने खरवडून पाहिली. "लाख भेसळीची असणार."

"लाख त्याच पोत्यातली आहे काका," साहेब म्हणाला. "चांगल्या निघाल्या त्यांनाही तीच."

"मग शेवटचा हात कोणी मारला?"

सगळ्यांनी धाकटीकडे पाहिलं. शेवटचा हात नेहमी तिचा असे.

"ही नव्हतीच," साहेब म्हणाला. "तिच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. लाल झालेल्या खुर्च्या त्याच आठवड्यातल्या."

"म्हणजे ताईनेच सगळं केलं. मग प्रश्नच मिटला. ताईचा रंग चुकायचा नाही."

"नाहीच चुकायचा."

"मग हवा दमट असेल."

"हवा सगळ्या खुर्च्यांना सारखीच होती ना?"

असं ते दोघे काखेत कळसा घेऊन गावभर फिरत होते. वाचनालयातले दिवे पिवळे असतील, टेम्पोत उन्हाने रंग फिरला असेल, इथवर गाडी आली. सासूबाईंनी मलमलीची एक लांब पट्टी टर्रकन फाडली आणि मान वर न करता विचारलं, "ही घरात होती तोवर जमलं. ही नव्हती तेव्हाच बिघडलं. मग इतके दिवस रंग कोणाचा होता रे?"

"मी चहा टाकते," धाकटी म्हणाली.

"चहा नंतर. तू बस आधी," सासूबाई म्हणाल्या.

धाकटी बसली, ती नेमकी एका लाल खुर्चीवरच. मग तिने सांगितलं. गेल्या वर्षी एका कपाटाचा खण रंगखोलीतून बाहेर आला तो भलत्याच छटेचा. वन्सं दुपारच्या झोपल्या होत्या. धाकटीने वाटीतल्या रंगात थोडा तपकिरी टाकला, खण पुन्हा पुसून घेतला आणि कोणाला काही बोलली नाही. वाटलं, होतं एखाद्या वेळी. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. मग ती रोज दुपारी, वन्सं झोपल्या की रंगखोलीत जायला लागली. वाटी बघायची, नमुन्याशी ताडायची, दुरुस्त करायची, आणि त्या उठायच्या आत बाहेर यायचं.

"वर्षभर?" साहेब म्हणाला. "आणि मला एका शब्दाने नाही?"

"काय सांगणार होते? तुमच्या बहिणीचा रंग चुकतो म्हणून?"

"तिला दिसत नाही का नीट?"

"दिसतं हो. नमुना समोर असला की बिनचूक सांगतात. पण नमुना बाहेर, डबे आत. इथून तिथे जाईपर्यंत रंग डोक्यातून निसटतो. मग तिथे उभ्या राहतात, आणि हाताला जे सापडेल ते घालतात."

धाकटी घरात नवी होती तेव्हा रंगखोलीत तिला कोणी पाऊल टाकू देत नसे. वन्संनी हाताला धरून आत नेलं होतं, म्हणाल्या होत्या, "नजर आहे हिला." पुढे पहिल्या बाळंतपणात तिचं मूल गेलं. त्या दिवसांत जो तो येऊन तिला शहाणपण शिकवून जाई. वन्सं तेवढ्या काही न बोलता रोज तिचे केस विंचरून देत. अशा बाईची चूक चव्हाट्यावर मांडायची नसते. ती झाकायची असते, असं धाकटीला वाटलं होतं, आणि या जागी दुसरी कोणी असती तर तिलाही तेच वाटलं असतं.

"थोरल्यावर गेली पोर," काका खाली बघत म्हणाले. थोरले म्हणजे सासरे. "त्याचंही असंच सुरू झालं होतं. आधी शब्द गेले, मग हात कापायला लागला, शेवटी वहिनीला मेलेल्या बहिणीच्या नावाने हाक मारायचा. आमच्या घराण्यातच आहे हा विसर."

"मग काका, तुम्हाला कसा नाही?" धाकटीने विचारलं.

कोणत्या फळीत कोणत्या साली खिळा ठोकला, हे काका अजून सांगत. शेजारच्यांच्या भांडणांच्या तारखा लोक त्यांच्याकडून विचारून नेत.

"मला," ते सावकाश म्हणाले, "मला थोरल्याने हाकललं होतं खोलीतून. मला शिंका यायच्या ना. ओल्या पॉलिशवर एकदा असा शिंकलो की टेबल परत घासायला लागलं. म्हणाला, तू आपला उघड्यावर रंधा मार."

रंगखोली थोरल्यांनी स्वतः बांधली होती. ओल्या पॉलिशवर धुळीचा कण बसला की काम गेलं, म्हणून तिला एकच दार, तेही चौकटीत गच्च बसणारं. खिडकी होती ती त्यांनी विटा लावून बुजवून टाकली. घरात कोणी नवा पाहुणा आला की त्याला ती खोली कौतुकाने दाखवत, आणि त्या साथीत वन्संना ताप भरला तेव्हा घट्ट दाराची खोली तेवढी एकच म्हणून त्यांना तिथेच वेगळं ठेवलं. डबे बाहेर काढले होते, नाही असं नाही. पण भिंतींत मुरलेला वास कोण काढणार? त्या बाहेर आल्या तेव्हा त्यांचं नाक गेलेलं होतं. जळकं दूध कळेना, साबण कळेना. माणूस वाचलं, नाकाचं काय घेऊन बसलात, असं म्हणून सगळ्यांनी आनंदाने तो विषय सोडून दिला.

"काल मी आल्या आल्या रंगखोलीत गेले," धाकटी म्हणाली. "दारातच गरगरलं. चौकट धरून उभी राहिले. एवढा वास, की डोळ्यांत पाणी."

"प्रवासाने दमली असशील," साहेब म्हणाला.

"मलाही तसंच वाटलं. मग आत बघितलं. फळीखाली थिनरचा मोठा डबा आहे ना, त्याचं झाकण बसतच नाही. काठ वाकलाय. कधीपासून कोण जाणे. मी तिथे रोज जात होते, माझं नाक सरावलं होतं. आईकडे राहिले आणि सवय मोडली, तेव्हा कुठे कळलं. आणि वन्संना तर..."

तिने वाक्य पुरं केलं नाही. करायची गरज नव्हती. ज्या माणसाला वास येत नाही ते माणूस रोज, दार लावून, त्या डब्याशेजारी बसत होतं.

"वन्संच्या तापानंतर डॉक्टरांनी विचारलं होतं," ती म्हणाली. "कामाच्या जागी हवा खेळती आहे ना, म्हणून. आणि तुम्ही म्हणालात, डॉक्टर, धुळीचा कण येत नाही."

साहेबाच्या येरझाऱ्या थांबल्या. ते वाक्य त्याने मोठ्या अभिमानाने म्हटलं होतं, आणि ते त्याला आता जसंच्या तसं ऐकू आलं.

"आज सकाळी मी फोन केला त्यांना. म्हणाले, विषाणूने किती, वाफांनी किती, वयाने किती, हे वेगवेगळं काढून कोणी दाखवू शकणार नाही. पण आजारातून उठलेल्या मेंदूला रोज हे पाजू नका. आधी त्यांना त्या खोलीतून बाहेर काढा. मोकळी हवा, झोप, फिरणं. बऱ्याच जणांत फरक पडतो, काहींत नाही पडत. खात्री देत नाही म्हणाले."

"म्हणजे बाबांनी बांधलेली खोली विषारी ठरली," साहेब म्हणाला. आवाज चढला नव्हता, पण धारदार झाला होता. "त्या खोलीवर तीन पिढ्या जेवल्या."

"जेवल्या रे," सासूबाई म्हणाल्या. "मी नाही म्हणते का?" त्यांनी मांडीवरच्या चिंध्या बाजूला ठेवल्या. "त्यांच्या शर्टाला रात्रभर तो वास यायचा. मी तो शर्ट उशाशी घेऊन झोपायची. मला वाटायचं, हा कष्टाचा वास. मला आवडायचा तो."

साहेब आईजवळ जाऊन जमिनीवर बसला. म्हणाला, "आई, मी काय खोलीसाठी भांडतोय का? ताईला तिथून उठवली तर ती जगेल कशावर? नवरा नाही, मूल नाही. रंग आहे एक. तोही काढून घ्यायचा, आणि सांगायचं काय, तर हवा खा?"

इतक्या वर्षांच्या संसारात धाकटीला नवऱ्याचं बोलणं क्वचितच एवढं पटलं होतं. तिच्याही मनात तेच होतं. आणि त्याच्या तळाशी आणखी एक होतं, ते काही केल्या हलेना. ती जर झाकत बसली नसती, तर लाकूड वर्षापूर्वीच परत आलं असतं. वर्षापूर्वीच सगळे असे जमले असते, आणि वन्संचे त्या डब्याशेजारचे तेवढे महिने वाचले असते. तिने प्रेमाने केलं होतं आणि प्रेमानेच वन्संना तिथे बसवून ठेवलं होतं.

काकांनी मार्ग काढला. रस्त्यापलीकडची त्यांची शेड तिन्ही बाजूंनी उघडी. रंगखोलीतल्या फळ्या तिकडे न्यायच्या, रंग दिवसाउजेडी जुळवायचा, नमुना डोळ्यांसमोरच. डबे लांब. वन्संनी बसून सांगायचं, हात दुसऱ्याने चालवायचा. धूळ बसली तर बसली, पुन्हा घासू. "शिंकायलाही हरकत नाही," काका म्हणाले, आणि त्या दुपारी पहिल्यांदा कोणीतरी हसलं.

"आणि तूही त्या खोलीत पाऊल टाकायचं नाहीस," सासूबाई धाकटीला म्हणाल्या. "एकीला घालवली तेवढं पुरे."

"वन्संना मी सांगते," धाकटी म्हणाली. "सगळंच सांगते."

"सगळं कशाला?" काका दचकले. "जागा बदलतोय एवढं सांग. तू मागून दुरुस्त करत होतीस हे कळून तिला काय मिळणार? उगाच जीव दुखावेल."

"काका बरोबर बोलतायत," साहेब म्हणाला. "झाकली मूठ राहू दे."

धाकटीने सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनी पुन्हा मलमल हातात घेतली होती. "तुझं तू ठरव," त्या म्हणाल्या.

वन्सं उठून बाहेर आल्या तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. केस सुटलेले, डोळ्यांत झोप. खुर्च्यांपाशी आल्या आणि थबकल्या. एकीच्या पाठीवरून तळहात फिरवला, मागे सरकून मान तिरकी केली.

"ह्या कोणी केल्या?" त्या म्हणाल्या. "लाल मारतायत. अक्रोडात एवढा लाल घालतात का कोणी?"

साहेबाने घाईघाईने सांगितलं, "बाहेरून आल्यात ताई. दुसऱ्या कोणाच्या आहेत."

"चल, मला शिकवतोस." त्यांनी खुर्ची आडवी केली. "पायांच्या आतल्या बाजूलाही पॉलिश आहे. आपल्याशिवाय कोण देतं तिथे?"

डोळा असा लख्ख होता. आणि त्याच डोळ्यासमोर आठवड्यापूर्वी त्यांनीच तो लाल घातला होता. धाकटी उठली, त्यांचा हात धरला आणि म्हणाली, "वन्सं, जरा अंगणात या."

अंगणात पाण्याच्या टाकीपाशी दगडी ओटा होता, त्यावर दोघी बसल्या. धाकटीने काही वगळलं नाही. लाल खुर्च्या, वर्षभराच्या वाट्या, डब्याचं झाकण, डॉक्टरांचं बोलणं. आपण गप्प राहिलो म्हणून तुम्ही तिथे बसून राहिलात, हेही सांगितलं. मधूनच एखादा शब्द वन्संपर्यंत पोचायला वेळ लागतोय असं दिसलं की धाकटी थांबे आणि पुन्हा सांगे.

संपल्यावर वन्सं म्हणाल्या, "मला वाटायचं, बाकी सगळं सुटलं तरी रंग टिकलाय."

"वन्सं..."

"म्हणजे वर्षभर तू मला खेळवत होतीस. लहान पोराला खेळवतात तसं. हो हो म्हणायचं आणि मागून आपलं करायचं."

धाकटीला रडू आलं. वन्संनी ते पाहिलं, पण हात पुढे केला नाही. त्या उठल्या, आपल्या खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं. जेवायला आल्या नाहीत. सासूबाई ताट घेऊन गेल्या, ते तसंच परत घेऊन आल्या.

सकाळी धाकटी स्वयंपाकघरात चहा करत होती. रात्रभर तिला झोप नव्हती. वन्सं आल्या त्या केस नीट बांधून, बाह्या सरसावून.

"दे गं धाकटे चहा. आज त्या वाचनालयाच्या खुर्च्यांचं बघायचंय ना? संपल्या की नाही सगळ्या?"

धाकटीच्या हातातला चमचा थांबला. अलीकडे असं व्हायचं. संध्याकाळ वन्संच्या मनात रात्रभर टिकत नसे, सकाळी पाटी कोरी. पण कालचीही संध्याकाळ जाईल, हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं.

बाहेर काका आणि साहेब रंगखोलीतली पहिली फळी उचलून नेत होते. वन्सं कप घेऊन दारात गेल्या. "अरे, हे काय चालवलंय? फळी कुठे नेताय?"

साहेबाने फळी खाली ठेवली. बहिणीच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि त्याला उमगलं. तो आत धाकटीपाशी आला, हळूच म्हणाला, "विसरली ती. कालचं काहीच नाही. आता फक्त जागेचं सांग. सुटलीस तू."

खरंच सुटली होती. राग गेला होता, तोही मागमूस न ठेवता. आता फक्त म्हणायचं, वन्सं, डॉक्टरांनी मोकळ्या हवेत बसायला सांगितलंय, आणि सगळं पूर्वीसारखं. वन्सं पुन्हा केसांवरून हात फिरवतील, पुन्हा म्हणतील, नजर आहे हिला. धाकटीला ते इतकं हवं होतं की तिला स्वतःचीच लाज वाटली. पण असंच तर तिने वर्षभर केलं होतं. वन्संना दिसत नाही तेवढ्या वेळात वाटी दुरुस्त करून ठेवली होती.

ती दारात वन्संशेजारी जाऊन उभी राहिली आणि पहिल्यापासून सांगायला लागली. काका फळीचं एक टोक धरून तसेच थांबले. या खेपेला सांगणं सोपं गेलं नाही. उलट जास्त जड गेलं, कारण शेवटी काय येणार आहे हे आता तिला माहीत होतं.

वन्संनी कप दोन्ही हातांत धरून सगळं ऐकलं. चेहरा हळूहळू कालच्यासारखाच होत गेला. मग त्यांनी विचारलं, "तू मला हे आज पहिल्यांदा सांगतेयस?"

"नाही. काल संध्याकाळीही सांगितलं."

"मग काल मी काय म्हणाले?"

साहेब मागे खाकरला. धाकटीने तिकडे पाहिलं नाही.

"म्हणालात, मी तुम्हाला लहान पोरासारखं खेळवत होते. मग दार लावून घेतलंत. जेवलाही नाहीत."

"बरोबर बोलले."

"हो."

"मला आताही तसंच वाटतंय," वन्सं म्हणाल्या. "राग आलाय मला तुझा."

"असू दे."

"उद्या नसेल. गेला म्हणून नाही, आठवणार नाही म्हणून. हा काय राग झाला का?"

"मी आठवण करून देईन."

वन्संना नको असताना हसू आलं. "रागाची?"

"रागाची, रंगाची, कशाचीही. पण आता मागून काही करणार नाही. तुमच्या समोर करेन, तुम्हाला सांगून."

वन्सं काही वेळ काकांच्या हातातल्या फळीकडे बघत राहिल्या. फळीवर वर्षानुवर्षांच्या वाट्यांचे गोल डाग पडले होते. त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते पुसले नाहीत.

"मग आणखी एक लक्षात ठेव," त्या म्हणाल्या. "मी तुला माफ केलं की तेही तूच लक्षात ठेवायचंस. मला विचारू नकोस. नाहीतर रोज सकाळी माझी माफी मागत बसशील, आणि मी रोज नव्याने चिडेन."

"कधी कराल?"

"आज नाही."

धाकटीने मान हलवली. वन्संनी उरलेला चहा संपवला, रिकामा कप तिच्या हातात दिला, आणि रस्ता ओलांडायला तिचाच दंड धरला.